चांगला पाय

क्रीडा संकुलात तिला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. ती पट्टीताई. खेळायला येणारी पोरं पट्टीताई म्हणायची, त्यांचे प्रशिक्षक पट्टीताई म्हणायचे आणि संकुलाचे व्यवस्थापकही चार लोकांत तसंच म्हणायचे. एकदा नवरा तिला घ्यायला आला, तर दारावरच्या रखवालदाराला तोही "पट्टीताई आहेत का आत?" असं विचारून बसला. त्यावरून घरी पोचेपर्यंत त्यानं बोलणी खाल्ली.

तिचं खरं काम सामानाच्या खोलीचं. चेंडूंत हवा भरायची, जाळ्या गुंडाळून ठेवायच्या, कुणी काय नेलं आणि परत आणलं का ते बघायचं. पण बर्फाचा डबा त्याच खोलीत होता आणि कपाटाच्या खालच्या फळीवर पट्ट्यांचे गुंडाळे. त्यामुळे ज्याला लागेल तो लंगडत तिथेच यायचा. सुरुवातीला ती नुसती पट्टी काढून हातात द्यायची. पण पोरं ती अशी काही बांधायची की बघवेना. शेवटी एकदा वैतागून ती "आण इकडे" म्हणाली आणि स्वतःच बांधून दिली. झालं, ते काम जे गळ्यात पडलं ते कायमचं.

आणि बांधायची मात्र छान, हं. ना सैल, ना आवळलेली. तोंडाची फटकळ होती, नाकावर राग होता, "डोळे काय घरी ठेवून खेळतोस का?" असं विचारल्याशिवाय एकाही घोट्याला हात लावायची नाही. पण हात लागला की पोरं गप्प व्हायची. पट्टीताईच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणायचे. माणूस किती वेळा ऐकून न ऐकल्यासारखं करणार? हळूहळू तिलाही ते पटत गेलं.

म्हणूनच व्यवस्थापकांनी जेव्हा सांगितलं की वैद्यकीय महाविद्यालयात खेळातल्या दुखापतींचा वर्षभराचा वर्ग निघालाय, दर शनिवारी जायचंय आणि संकुलातर्फे तुमचं नाव दिलंय, तेव्हा ती फणकारली. इतकी वर्षं लोकांचे पायच बघतेय, आता आणखी काय बघायचं राहिलं? पण नोकरीचा प्रश्न. गेली.

वर्गात सगळी विशीतली पोरं-पोरी, ही एकटी चाळिशी ओलांडलेली. शरीररचना शिकवणाऱ्या मॅडम वयानं तिच्याच बरोबरीच्या. आवाज हळू, पण एक शब्द सुटायचा नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी एका मुलाला टेबलावर बसवलं आणि पट्टीताईला त्याच्या घोट्यावर हात ठेवायला सांगितलं. बोटाखाली काय लागतंय, असं विचारलं. घोटा, ती म्हणाली. घोट्यातलं काय? आता घोट्यात काय असणार, घोटाच असणार. मागे पोरं फिसकन हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तिचं बोट धरून हाडाच्या टोकावर ठेवलं, मग जरासं पुढे सरकवलं, मग खाली, आणि तीन लिगामेंटची नावं सांगितली. हाडाला हाड बांधून ठेवणारे हे चिवट पट्टे. पाय मुरगळला की बहुतेक वेळा यातलाच पहिला जातो. इतकी वर्षं ती ज्याच्यावर पट्ट्या बांधत आली, त्याला तिनं त्या दिवशी पहिल्यांदा हात लावला. त्या दिवशी ती चिडचिडतच घरी आली, पण पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या आधी वर्गात जाऊन बसली.

महिन्याभरानं त्यांना विच्छेदनाच्या दालनात नेलं. उंच खिडक्या, धुतलेली फरशी, लोखंडी टेबलं आणि डोळ्यांत झोंबणारा औषधाचा वास.  दारापाशीच पट्टीताई भिंतीला चिकटून उभी राहिली. कुणा अनोळखी माणसानं मरताना आपलं शरीर शिकणाऱ्यांना देऊन टाकलेलं. मॅडमनी सगळं झाकलेलंच ठेवलं आणि फक्त एक गुडघा उघडा केला. आत फुलीसारखी एकमेकांना ओलांडून जाणारी दोन लिगामेंट होती, करंगळीएवढी. त्यातलं पुढचं नडगीला पुढे घसरू देत नाही, मॅडम सांगत होत्या, सगळ्या उड्या, सगळी वळणं याच्या जिवावर. हे ऐकता ऐकता पट्टीताई पोरांना बाजूला सारत कधी टेबलापाशी पोचली ते तिलाच कळलं नाही. एवढंसंच असतं होय, ती पुटपुटली. संकुलातल्या सगळ्या पोरी तिला एकदम आठवल्या आणि त्यांची काळजी वाटायला लागली. निघताना तिनं त्या अनोळखी माणसाचे मनातल्या मनात आभार मानले.

घरी मग अभ्यासाचा धडाका सुरू झाला आणि त्यात नवऱ्याचा बळी गेला. तो बस चालवायचा. दमून येऊन टीव्हीपुढे आडवा झाला की ही काजळाची पेन्सिल घेऊन त्याच्या पायावर स्नायू काढायला बसायची. पोटरी झाली, मांडी झाली, पाठीलाही सोडलं नाही. एकदा तो तसाच अर्ध्या चड्डीत खाली दूध आणायला गेला आणि शेजाऱ्यांनी काय झालं, काय झालं म्हणून गर्दी केली. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीतून हे सगळं बघत असायच्या. माणसाच्या अंगावर लिहायला वह्या काय महाग झाल्यात का, असं त्यांनी एकदा शांतपणे विचारलं. पट्टीताईनं त्यांच्या गुडघ्याकडेही आशेनं बघितलं होतं. पण माझे आधीच कामातून गेलेत, त्यांना आता शाळेत घालू नकोस, असं म्हणून त्यांनी पाय पोटाशी घेतले.

मॅडमची एक शिस्त होती. आधी विचारायचं, मग बघायचं, मग हात लावायचा आणि सगळ्यात शेवटी सांधा हलवून बघायचा. आणि हलवताना नेहमी चांगली बाजू आधी, म्हणजे दुखऱ्या बाजूत काय फरक पडलाय ते हाताला कळतं. पट्टीताईचं घोडं इथेच अडायचं. तिचा हातच आधी पुढे जायचा. विचारायचं काय त्यात, दिसतंय की. कितीदा टोकलं तरी सवय जाईना. पण चांगली बाजू आधी, हे मात्र तिच्या डोक्यात पक्कं बसलं, कारण ते हाताचं काम होतं.

आता शिडीबद्दल सांगायला हवं. शिडी म्हणजे तिच्या नणंदेची मुलगी. व्हॉलीबॉल खेळायची आणि उंच इतकी की संकुलात तिचं दुसरं नाव पडणं शक्यच नव्हतं. नणंद त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची, पडदे शिवायची. नवरा लांब गावी कामाला, वर्षातून दोनदा यायचा. पोरीनं शिकावं, एखाद्या कार्यालयात पंख्याखाली बसून काम करावं, एवढीच नणंदेची इच्छा. खेळबिळ तिला मुळीच पसंत नव्हतं. हातपाय मोडून घेतलेस तर कोण करणार आहे, हे वाक्य ती मशीन चालवता चालवता उठता बसता म्हणायची. शिडीला मैदानावर नेलं ते पट्टीताईनं, आणि आईशी भांडून तिथे टिकवलं तेही पट्टीताईनंच. मी आहे ना तिथे, माझ्या डोळ्यांसमोर असते, असं सांगून. शेवटी नणंद म्हणाली, "ठीक आहे वहिनी, तुझ्या भरवशावर सोडते."

आणि पोरगी खेळली, हो. त्या वर्षी निवासी क्रीडा केंद्राची निवड चाचणी याच संकुलात होणार होती. तिथे निवड झाली की राहणं, शिक्षण, प्रशिक्षण सगळं त्यांचं आणि पुढे मोठ्या संघाचं दार उघडं. शिडीचं ज्युनियर गटातलं हे शेवटचं वर्ष. आत्ता नाही तर कधीच नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. हळूहळू नणंदही शिवता शिवता "तिकडे थंडी असते का गं?" असं विचारायला लागली होती.

चाचणीला तीन आठवडे होते तेव्हा सरावात शिडी उडी मारून खाली आली ती एकाच पायावर. डावा गुडघा आत वळला आणि ती खाली बसली. वार शनिवार. पट्टीताई वर्गात. संध्याकाळी ती वर गेली तर पोरगी पाय उशीवर ठेवून बसलेली आणि गुडघा टम्म सुजलेला. कधी सुजला, असं तिनं विचारलं. हळूहळू, आत्ता आत्ता, शिडी म्हणाली. हळूहळू सूज म्हणजे मुरगळणं. तासाभरात सुजला तर आत रक्त साचलं असणार आणि मग काळजी. हे पट्टीताई शिकली होती, त्यामुळे तिचा जीव भांड्यात पडला. पोरगी खोटं बोलत असेल, हे तिच्या मनातही आलं नाही. बर्फ, आराम, उंच ठेवलेला पाय, सगळं तिनं जातीनं केलं.

आठवड्यानं सूज उतरली तेव्हा तिनं शिडीला कॉटवर झोपवलं आणि अगदी वर्गात सांगितल्यासारखं तपासलं. घाई केली नाही. आधी उजवा, चांगला पाय. गुडघा थोडासा वाकवून एका हातानं मांडी धरली, दुसऱ्या हातानं नडगी पुढे ओढली. मग डावा. तितकाच पुढे आला. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. दोन्हीत काडीचा फरक नाही. नणंद शिवणयंत्राशी हात थांबवून बघत होती.

लिगामेंट शाबूत आहे, नुसता मुरगळलाय, पट्टीताईनं सांगितलं. हे सांगताना तिला केवढा आनंद झाला होता! आयुष्यात पहिल्यांदा तिनं नुसत्या अंदाजानं नाही, तर शिकून, पायरी पायरीनं एक गुडघा तपासला होता. तू म्हणतेस ना, मग झालं, असं म्हणून नणंदेनं यंत्र पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या दिवशी पट्टीताईनं प्रशिक्षक सरांनाही तेच सांगितलं. चार दिवस व्यायाम करून शिडी पुन्हा उड्या मारायला लागली.

चाचणी रविवारी. त्याच्या आदल्या दिवशी मॅडमनी वर्गात गुडघ्याचीच परीक्षा घ्यायची ठरवली. जोड्या करा आणि एकमेकांचे गुडघे तपासा. पट्टीताईनं आतापर्यंत हे नवऱ्यावर करून पाहिलं होतं, पण त्याची मांडी खांबाएवढी आणि तिचा हात लहान. त्यात त्याला गुदगुल्या व्हायच्या. हाताला काही लागलं नाही की ती त्याच्या मांडीला दोष द्यायची. आज तिच्या वाट्याला एक किडकिडीत मुलगी आली. पट्टीताईनं मांडी धरली आणि नडगी पुढे ओढली. नडगी जराशी आली आणि थांबली. ठणठणीत थांबली, कडी लावलेलं दार ओढल्यावर थांबावं तशी.

तिनं पुन्हा ओढली. पुन्हा तसंच. शेजारच्या टेबलावरच्या मुलाचा गुडघा मागून घेतला, तिथेही तेच. 

मॅडमना तिनं बाजूला गाठलं. दोन्ही गुडघे सारखे असले तर सगळं ठीकच असतं ना, असं विचारलं. तिच्या चेहऱ्याकडे बघून मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला. सारखे म्हणजे कसे, त्यांनी विचारलं, थांबत होते का? पट्टीताईनं मान हलवली. नव्हते. एकही थांबत नव्हता. कणकेतून हात यावा तसे पुढे येत होते आणि तिला वाटलं होतं की आपलाच हात लहान पडतोय.

"चांगला पाय चांगला आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मॅडम म्हणाल्या. "त्याला आधी कधी लागलं होतं का, विचारलंत?"

नव्हतं विचारलं. दुखऱ्या पायाबद्दल विचारलं होतं. चांगल्या पायाला कोण कशाला विचारेल?

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सरळ सांगितलं की एमआरआय काढून खात्री करून घ्यावी लागेल, पण आधी उड्या बंद. तुटलेल्या लिगामेंटवर पोरगी ताकदीच्या जोरावर खेळू शकते, महिनोन् महिने खेळू शकते. पण एके दिवशी पाय निसटतो आणि दोन हाडांमधली गादी फाटते. मग ऐन तरुणपणी म्हातारीचे गुडघे. पट्टीताई वर्ग अर्धा टाकून निघाली.

वर पोचली तेव्हा शिडी खिडकीपाशी बसून बूट पुसत होती. दोरीवर उद्याचा गणवेश वाळत होता. नणंद स्वयंपाकघरात होती. पट्टीताई दम खायलाही थांबली नाही. उजव्या पायाला कधी लागलं होतं, तिनं विचारलं.

शिडीचा हात बुटावर थांबला. कुठे काय, ती म्हणाली. पण तिला खोटं बोलायची फारशी सवय नव्हती आणि ते चेहऱ्यावर दिसलं. मग ती चिडली. तूच म्हणालीस ना ठीक आहे म्हणून, आता उद्या चाचणी आणि आज हे काय काढलंस? आणि पाय द्यायला साफ नकार. पाय आक्रसून, बूट छातीशी धरून बसून राहिली.

बोलण्यात अर्थ नव्हता. पट्टीताई फरशीवर बसली, साडी वर सारून आपला स्वतःचा गुडघा तिच्यापुढे केला आणि तिचे हात ओढून त्यावर ठेवले. इथे धर. आता ओढ. शिडीनं तोंड फिरवून, नाइलाजानं ओढलं. पट्टीताईच्या जुन्या, कुरकुरणाऱ्या गुडघ्यानं आपलं काम चोख केलं. थांबला.

"कळलं?" पट्टीताईनं विचारलं. शिडीनं मान डोलावली. "आता तुझा."

 मग पोरीनं बूट बाजूला ठेवले आणि पाय लांब केला. पट्टीताईनं मांडी धरून दिली आणि शिडीनं आपल्याच नडगीला हात घातला, आधी डाव्या, मग उजव्या. ओढलं. पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा ओढलं.

"दोन्ही?" ती म्हणाली.

"दोन्ही."

मग सगळं बाहेर आलं. उजवा दोन वर्षांपूर्वी गेला होता, शाळेच्या सामन्यात. आत काहीतरी तुटल्यासारखा आवाज झाला होता. आईला कळलं तर खेळ बंद होईल म्हणून घोटा दुखतोय असं सांगून तिनं ते निभावून नेलं. मामीलाही सांगितलं नाही, कारण मामीला सांगितलं असतं तर मामीनं आईपासून लपवलं नसतं. आणि या वेळी डावाही हळूहळू नव्हता सुजला. घरी पोचेपर्यंतच सुजला होता.

नणंद दारात उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. ती भडकेल, आता सगळं आपल्यावर येणार, अशा तयारीनं पट्टीताई उभी राहिली. यायलाच हवं होतं. भरवसा तिनं दिला होता आणि गुडघा ठीक आहे असंही तीच म्हणाली होती.

नणंद भडकली नाही. "जिन्यावरून एकेक पायरी उतरायची," ती म्हणाली, "मी इथे बसून ऐकायचे. मला वाटायचं दमली असेल."

ती येऊन कॉटवर बसली. पोरीच्या तोंडाकडे तिनं पाहिलं, मग दोरीवरच्या गणवेशाकडे, आणि मग जे बोलली त्याची पट्टीताईनं कल्पनाही केली नव्हती. जिनं इतकी वर्षं या खेळाला नावं ठेवली ती हात जोडायचीच काय ती बाकी होती. उद्याचा एकच दिवस आहे. दोन वर्षं खेळलीच ना तशी? तू पट्टी बांधतेस ती सुटत नाही असं सगळे म्हणतात.

"एवढा एक दिवस घट्ट बांध ना, वहिनी."

शिडीनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत एकदम इतकी आशा आली की पट्टीताईला तिकडे बघवेना. हो म्हणणं किती सोपं होतं. एक दिवस खरंच निभावलाही असता कदाचित. चूक तिची होती आणि त्या चुकीची भरपाई म्हणून तिच्याकडे मागितलं जात होतं ते नेमकं तेच, जे तिला सगळ्यांत चांगलं यायचं.

"मी नाही बांधणार," ती म्हणाली. "आत जे तुटलंय ते बाहेरून बांधता येत नाही गं." आणि मग, कारण ते बोलल्याशिवाय तिला तिथून निघता येणार नव्हतं, "चुकलं माझं. नीट विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. पण पोरी, उद्या खेळलीस तर चालायचीही पंचाईत होईल."

तू जा, मामी, शिडी भिंतीकडे तोंड करून म्हणाली. पट्टीताई खाली आली. घरात तिनं सगळं सांगितलं. नवरा शेजारी येऊन बसला. सासूबाई उठल्या, आपली चादर घेतली आणि वर लेकीकडे झोपायला गेल्या.

पुढचं आधीच सांगून टाकलेलं बरं, उगाच जिवाला घोर नको. एमआरआयमध्ये दोन्ही गुडघ्यांतलं ते पुढचं लिगामेंट तुटलेलं निघालं. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. नणंदेनं पोरीला उचलून बसवलं, चालवलं, आणि पट्टीताईनं रोज वर जाऊन दोन्ही मांड्यांचे व्यायाम करून घेतले, शिव्या खात आणि देत. गाद्या वाचल्या. शिडी पुन्हा धावली, पुन्हा जाळीपाशी उभीही राहिली, पण निवासी केंद्र हुकलं ते हुकलंच. पट्टीताई परीक्षा पास झाली आणि आता संकुलात कुणी उजवा पाय धरून आला की ती त्याच्या डाव्या पायाची अशी उलटतपासणी घेते की पोरं वैतागतात. पण सांगायचं आहे ते त्या रविवारचं.

चाचणीच्या दिवशी पट्टीताईला कामावर जावंच लागलं. सकाळपासून सामानाच्या खोलीबाहेर पोरींची रांग. कुणाचा घोटा, कुणाचं बोट, कुणाचं मनगट. मैदानाच्या कडेला निवड करायला आलेले तिघं खुर्च्या टाकून बसले होते आणि प्रशिक्षक सर मधून मधून घड्याळ बघत शिडी कुठे आहे म्हणून विचारत होते. येईल, येईल, असं पट्टीताई दोनदा म्हणाली. सांगायचं होतं, पण दर वेळी ती पुढच्या पोरीचा पाय ओढून घ्यायची. एकीच्या घोट्याला पट्टी बांधून मान वर करते तो काय, शिडी समोर उभी.

पूर्ण गणवेशात. पाठीवर आकडा, केस घट्ट बांधलेले, पायात ते कालचे पुसलेले बूट, दोन्ही गुडघ्यांवर नीपॅड. पट्टीताईला वाटलं, ही आता बांध म्हणणार. नाही म्हटलं तर दुसऱ्या कुणाकडून तरी बांधून घेणार. पोरीला धरून ठेवायचं तरी कसं?

"खेळायला नाही आले," शिडी हळूच म्हणाली. "एकदा घालून यायचं होतं, एवढंच."

पट्टीताईनं हातातली पट्टी गुंडाळून फळीवर ठेवली.

"सरांना तू सांग, मामी. माझ्याच्यानं सांगवत नाही."

दोघी मैदान ओलांडून गेल्या. पट्टीताई पुढे, ही तिच्यामागे, एकेक पाऊल जपून टाकत. सर हसून काहीतरी बोलणार होते, पण पट्टीताईनं त्यांना बोलू दिलं नाही. निवड करणाऱ्या तिघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "हिचा गुडघा ठीक आहे असं मी सांगितलं होतं. ते चुकलं. हिचे दोन्ही गुडघे गेलेत. हिनं काही लपवलं असेल तर ते आमच्या घरातलं आहे, तपासायचं काम माझं होतं. ही आज खेळणार नाही."

सरांनी शिडीच्या पाठीवर हात ठेवला आणि ते बाकीच्या पोरींकडे वळले. 

सामानाच्या खोलीच्या दारापाशी येऊन पट्टीताई खाली बसली आणि शिडीचे नीपॅड उतरवायला लागली. आधी एक, मग दुसरा. शिडी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती आणि मैदानाकडे बघत होती. चाचणी सुरू झाल्याची शिट्टी वाजली तशी तिची बोटं पट्टीताईच्या खांद्यात रुतली. पट्टीताई हातात नीपॅड घेऊन तशीच बसून राहिली, पोरगी सोडेपर्यंत.